सिस्टरने पाहिलेला माणूस

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या खुनात कोण साक्षीदार होता, कोणता दरोडा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत पडला, हे सांगायला मला हल्ली वेळ लागतो. एका डोळ्याच्या दुखापतीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे लक्षात राहिले आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, आणि अखेरीस पाहिले तर गुन्हाही नव्हता. तरी मला सर्वांत जास्त थकवले ते त्याच प्रकरणाने.

साल दोन हजार उलटून गेले होते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका उपविभागात मी पोलीस उपअधीक्षक होतो. जयसिंगपूर ओलांडून सरहद्दीच्या बाजूला गेले की एक मोठे गाव लागते. त्याचे नाव लिहीत नाही. माणसांचीही नावे लिहीत नाही, कारण त्यांतली बरीच हयात आहेत आणि त्यांना पुन्हा कोणी ओळखावे अशी माझी इच्छा नाही.

गावातून मुख्य रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला बौद्ध वसाहत, समोर मुस्लिम मोहल्ला. गावाच्या मानाने दोन्ही वस्त्या लहान. निवडणूक आली की दोघांच्या दारात पुढारी येत, एरवी कोणी फिरकत नसे. दोघांत फार प्रेम होते असे मी म्हणणार नाही. नळाच्या पाण्यावरून, क्रिकेटच्या मैदानावरून कुरबुरी चालायच्या. पण वसाहतीतल्या लग्नाचा मांडव मोहल्ल्यातला माणूस घालायचा, आणि मोहल्ल्यातल्या बायकांची बाळंतपणे वसाहतीतली नर्स करायची. ही नर्स सरकारी दवाखान्यात होती. वय पस्तिशीच्या आसपास, कामाला चोख, बोलायला कमी. सारा गाव तिला सिस्टर म्हणायचा. मोहल्ल्यात तिच्यासाठी चहा न टाकणारे घर नव्हते.

त्या काळात गावोगावी केबलवाल्यांनी स्वतःच्या बातम्या सुरू केल्या होत्या. एक खोली, मागे निळा पडदा, एक व्हिडिओ कॅमेरा आणि बातम्या वाचणारी एक मुलगी. या गावात दोन केबल होत्या. वसाहतीकडच्या बाजूला एकाची तार होती, मोहल्ल्याच्या बाजूला दुसऱ्याची. दोन्हींचे मालक या दोन्ही समाजांतले नव्हते. गावात रोज दाखवण्यासारखे काही घडत नसल्यामुळे ते देशात कुठे कुठे झालेल्या गडबडीची चित्रे मोठ्या वाहिन्यांवरून उचलून लावत. वसाहतीच्या टीव्हीवर टोप्या आणि दाढ्यांचा जमाव धावताना दिसे. मोहल्ल्याच्या टीव्हीवर निळे झेंडे आणि जळणारे टायर दिसत. समोरासमोर राहणारी माणसे रोज संध्याकाळी दार लावून एकमेकांबद्दलची बातमी तिसऱ्याकडून ऐकत होती. त्या वेळी मला यात बंदोबस्ताचा प्रश्न दिसला नाही. कोणालाच दिसला नाही.

घटना दिवेलागणीची. मुख्य रस्त्याचे डांबरीकरण चालू होते. कडेला खडीचे ढीग, रस्त्यावर धूळ, त्यातून उसाचे ट्रॅक्टर आणि टेम्पो. वीज गेलेली होती. सिस्टर ड्यूटी संपवून घरी निघाली होती आणि तिचा धाकटा भाऊ तिला आणायला आला होता. दोघे रस्त्याच्या कडेला उभे असताना भाऊ एकदम ओरडून खाली बसला. उजव्या डोळ्यातून रक्त येत होते. सिस्टरने वर पाहिले तेव्हा पलीकडे, ग्रिल बनवणाऱ्या वर्कशॉपसमोर, धुळीत एक उंच माणूस हात वर करून उभा होता. दुसऱ्या क्षणी तो आत निघून गेला.

भावाला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डोळा गेला. त्याच दुपारी मैदानावर दोन्हीकडच्या पोरांची बाचाबाची झालेली होती आणि हा भाऊ तिथे होता, त्यामुळे दगड कोणी मारला असेल याबद्दल कोणाला शंका राहिली नाही. सिस्टरने दवाखान्यातच फिर्याद दिली. तिने लिहून दिले की एक उंच इसम हात वर करून उभा होता, चेहरा दिसला नाही. रात्री वसाहतीतल्या काही पोरांनी मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या बेकरीच्या काचा फोडल्या.

सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने घेतला. पलीकडचा माणूस एवढेच म्हणाला, "ग्रिलच्या वर्कशॉपात उंच पोरगा हाय बघा, त्यो मोहल्ल्यातला. त्येनंच मारला." नाव विचारेपर्यंत फोन ठेवला गेला. पुढे तो फोन बसस्थानकाजवळच्या एका बूथवरून आल्याचे निघाले. कोणी केला ते सिद्ध झाले नाही. मला अंदाज आहे, पण पुराव्याशिवाय तो कागदावर आणणार नाही. इतके नोंदवतो की ठाण्याचे फौजदार त्या पोराला आणायला त्याच्या घरी पोहोचले तेव्हा वसाहतीकडच्या केबलचा कॅमेरा आधीच गल्लीत उभा होता.

पोरगा बाविशीचा. काही वर्षे पुण्याला कामाला होता, नुकताच गावी परतून वर्कशॉपमध्ये लागला होता. पोलीस पाहून तो मागच्या दाराकडे गेला, हवालदाराने त्याला धरला, ओढाताण झाली. ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा झाकूनच आणायचा असतो. त्या गडबडीत ते राहिले. गल्लीच्या तोंडापासून जीपपर्यंत तो उघड्या तोंडाने चालत आला आणि कॅमेऱ्याने सगळे टिपले.

ते चित्र संध्याकाळी लागले. सकाळी लागले. दुपारी पुन्हा लागले. चालण्याचा वेग कमी केलेला, मागे ढोलासारखा आवाज. त्याच्या हातांवर तांबडे डाग होते. बातमीतल्या मुलीने विचारले, हा रंग कशाचा? मग मध्येच कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली दगडफेक आली, आणि पुन्हा हा पोरगा. पलीकडच्या केबलवर त्याच वेळी बेकरीच्या फुटलेल्या काचा आणि त्यापाठोपाठ परगावचा कुठला तरी जुना रास्ता रोको चालू होता.

जखमी बौद्ध असल्यामुळे अॅट्रॉसिटीचे कलम लागले. ते लागले की तपास उपअधीक्षकाकडे येतो. तसा तो माझ्याकडे आला.

मी पोराला समोर बसवले. तो खाली पाहून बसला होता. मी चहा मागवला, त्याने घेतला नाही.

"मैदानावर भांडण झालं तेव्हा तू होतास?"

"न्हाई साहेब. मी कामावर हुतो."

"संध्याकाळी कुठे होतास?"

"वर्कशॉपातच. लाईट गेलती म्हणून वेल्डिंग बंद हुतं. आत ग्रिलला रेडऑक्साइड मारत बसलेलो." त्याने हात पुढे केले. नखांच्या कडेने तो तांबडा रंग अजून होता. "ह्योच रंग हाय. टीव्हीत रगत म्हणून दाखवलं म्हणत्यात."

"पोलीस आले तर पळालास का?"

"साहेब, कॅमेरा बघून पळालो. पोलिसाला बघून न्हाई."

"तू आत होतास याला साक्षीदार कोण?"

"अण्णा. आमचं मालक. ते भाईर दारात हुते. त्यास्नीच इचारा."

अण्णा म्हणजे वर्कशॉपचे मालक. लिंगायत गृहस्थ, घरात कन्नड, धंद्यात मराठी बोलणारे. त्यांच्या वर्कशॉपला अटकेच्या दुसऱ्या दिवसापासून कुलूप होते. बायकोमुलांसह सरहद्दीपलीकडे सासुरवाडीला गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. ज्याच्यावर भिस्त ठेवावी तो माणूस निघून जातो तेव्हा आरोपीचे म्हणणे पातळ होते. फौजदारांना तर खात्रीच पटली. ते म्हणाले, "साहेब, मालकसुद्धा पळाला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पोराची आई रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. गावात तिला सगळे चाची म्हणत. मी एकदा तिला आत बोलावले. "सिस्टरनी तुमच्या मुलीचं बाळंतपण केलंय ना?" मी विचारले.

"केलंय की. माझ्या नातीला पयल्यांदा त्यांनीच हातात घेतलं."

"मग त्या खोटं कशाला बोलतील?"

"आता काय सांगू साहेब. आमी रोज बघतोय न्हवं टीव्हीत. ही लोकं मोर्चा काढत्यात, जाळपोळ करत्यात आन् सरकार त्यांचंच ऐकतंय. बाई चांगल्या हाईत. पर शेवटी त्यांच्यातल्याच न्हवं."

मी तिच्याशी वाद घातला नाही. घालण्यात अर्थ नव्हता. तिने ज्यांना मोर्चात पाहिले होते ती माणसे कोणत्या राज्यातली, कशासाठी रस्त्यावर आलेली, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि दाखवणाऱ्यालाही नव्हते.

दरम्यान सिस्टरचा पुरवणी जबाब फौजदारांनी घेतला होता. पोरगा न्यायालयीन कोठडीत गेला आणि तिथे नायब तहसीलदारांनी ओळख परेड घेतली. परेडच्या वेळी पोलिसांना आत थांबता येत नाही. सारख्या वयाच्या आणि बांध्याच्या माणसांत आरोपीला उभा करतात. सिस्टरने एकदाही न अडखळता त्याच्याकडे बोट केले. गावात बातमी पसरली. वसाहतीतली माणसे माझे अभिनंदन करायला आली. मोहल्ल्यात त्या संध्याकाळी चुली पेटल्या नाहीत असे बीटच्या शिपायाने सांगितले. दोन्ही वस्त्यांच्या तोंडाशी राज्य राखीव दलाची माणसे बसवावी लागली.

दोषारोपपत्राची तयारी करताना मी सगळे जबाब पुन्हा वाचायला घेतले. पहिल्या जबाबात चेहरा दिसला नाही असे होते. पुरवणी जबाबात नाक, डोळे, केस, सगळे होते. असे होते कधी कधी. धक्क्यातून सावरल्यावर माणसाला आठवते, हे मी पाहिलेले आहे. पण पुढे लिहिले होते, "अंगात आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट होता व त्याची डावी बाही खांद्याजवळ फाटलेली होती."

मी अटक करणाऱ्या हवालदाराला बोलावले. जुना माणूस, निवृत्तीला आलेला.

"त्या दिवशी पोराच्या अंगात काय होतं?"

"पट्ट्यापट्ट्याचा टी-शर्ट की साहेब."

"बाही फाटलेली होती?"

तो जरा चाचरला. त्याला वाटले मारहाणीची तक्रार आली आहे. "फाटलेली न्हवती साहेब, फाटली. पळाया लागला म्हणून मी धरला, तर बाही माझ्या हातात आली."

"म्हणजे धरायच्या आधी बाही चांगली होती."

"चांगली हुती. दारात ओढताना फाटली. पंचांनी बघितलंय."

ती बाही घटनेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फाटली होती. आदल्या संध्याकाळी सिस्टरने ती फाटलेली पाहणे शक्य नव्हते. ती बाही तिने एकाच ठिकाणी पाहिलेली असू शकत होती.

मी तिला ठाण्यात बोलावले नाही. स्वतः दवाखान्यात गेलो. लसीकरणाचा वार होता. व्हरांड्यात बाकडी मांडलेली, टेबलावर लशीचा थर्मास ठेवलेला. एका बाकावर वसाहतीतल्या आणि गावातल्या बायका बाळे घेऊन बसल्या होत्या. दुसरे बाक मोकळे होते. दवाखान्यातल्या शिपायाने मला हळूच सांगितले की मोहल्ल्यातले एकही बाळ आता येत नाही. त्यांच्या बायका रिक्षा करून लांबच्या दवाखान्यात जातात, नाहीतर घरीच राहतात.

सिस्टर हातातले काम संपवून आत आली. मी म्हटले, "थोडं विचारायचं आहे. रागावू नका. तुम्ही केबलवरची ती बातमी पाहिली होती का?"

"वसाहतीत सगळ्यांनी बघितली. मी मिरजेहून आले त्या संध्याकाळी बघितली. घरात बायका जमल्या होत्या. परत परत लावत होते."

"पुरवणी जबाब त्यानंतर दिलात."

"हो. पण साहेब, बातमीमुळं नाही. मला तो आठवला. डोळे मिटले की तोच दिसतो. हात वर करून."

"बाही कोणती फाटली होती?"

तिने स्वतःच्या डाव्या खांद्यावर बोट टेकवले. "इथं. लोंबत होती."

"सिस्टर, ती बाही त्याला अटक करताना आमच्या हवालदाराच्या हातात फाटली. दुसऱ्या दिवशी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. बाहेर एक बाळ टोचल्यावर रडायला लागले. तिचे तिकडे लक्ष गेले नाही. मी माझ्या नोकरीत खोटे साक्षीदार शेकड्याने पाहिले आहेत. पकडले गेल्यावर ते चिडतात, किंवा घाम पुसतात, किंवा लगेच दुसरे खोटे सांगतात. हिच्या चेहऱ्यावर त्यातले काही नव्हते.

"मग मी कोणाला बघितलं?" तिने विचारले.

"हात वर केलेला माणूस पाहिलात, तो खरा असेल. त्याचं तोंड मात्र टीव्हीतलं आहे."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "चाचींच्या घरात मी किती वेळा गेले आहे. त्या घरातला पोरगा असं करील असं आधी मनात आलंच नाही. बातमी बघितली आणि वाटलं, करतील, ही माणसं करतील. साहेब, मला असं वाटलं. मला."

मी तिला तेवढ्यावरच सोडले. तिचा नवा जबाब तिने स्वतः मागून दिला.

आता प्रश्न उरला की हात वर करणारा माणूस कोण, आणि दगड कोणाचा. मी मिरजेला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वैद्यकीय दाखल्यात 'बाहेरील वस्तूने झालेली गंभीर दुखापत' असे लिहिले होते. ती वस्तू कशी होती हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांनी एक छोटी बाटली काढून दाखवली. आत दगडाची कच होती, हरभऱ्याएवढी, एका बाजूला डांबर चिकटलेली.

"हा दगड कोणी फेकून मारला असं तुमचं म्हणणं आहे का?" डॉक्टरांनी विचारले. "हा फेकला तर रस्ता ओलांडेपर्यंत त्यात जोर राहणार नाही. हा फार वेगाने आलेला आहे."

डांबर पाहिल्यावर मला रस्ता आठवला. परतताना मी वर्कशॉपसमोर जीप थांबवली आणि नुसता उभा राहिलो. वाहने जात होती आणि सुटी खडी चाकाखालून उडत होती. त्यातली एक माझ्या बुटावर येऊन लागली.

अण्णांना निरोप धाडला. दोनदा ते आले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांच्या मेव्हण्याला हाताशी धरून त्यांना आणले. अंगाने उंच माणूस. ठाण्यात शिरताना त्यांनी आधी कोपऱ्याकोपऱ्यात पाहिले.

"काय शोधताय अण्णा?"

"कॅमेरा न्हाय न्हवं री, साहेब? टीव्हीत माजं तोंड येनार न्हाय न्हवं?"

"नाही येणार. बसा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागले. "साहेब, हात मी वर केलतो. त्या पोरानं न्हाय. माजा लोखंडाचा टेम्पो यायचा हुता. लाईट न्हवती, ड्रायव्हरला दुकान दिसलं न्हाय, फुडं निघाला. मी हात वर केला. त्यानं टेम्पो कडंला दाबला, खडीवर चाक गेलं. समोर ते पोरगं वरडलं. मला आदी वाटलं पडलं बिडलं आसंल. मी आत आलो, पोराला म्हनालो, टेम्पो फुडं गेला, जाऊन बघ. त्यो रंगाचा डबा ठेवून मग मागच्या दारानं, जवळच्या बोळानं टेम्पो गाठाय गेला."

"मग लगेच का नाही सांगितलंत?"

"सांगायला निघालतो. तवर टीव्हीवर त्येला दाखवाय लागले. माज्या बायकोनं बघितलं, म्हनाली, तुमी हात वर केलता म्हनून सांगितलं तर उद्या तुमचं तोंड दाखवतील. एकीकडनं वसाहत, एकीकडनं मोहल्ला, मदी आमचं एकच घर. कुनाच्या दगडाला तोंड देऊ, साहेब?"

ते रडत नव्हते. खालमानेने बोलत होते. त्यांचा राग करावा असे मला वाटले नाही. पोरगा त्यांचाच कामगार होता आणि ते गप्प राहिले, हे खरे. पण त्या दिवसांत त्या गावात आपले तोंड टीव्हीवर येईल या भीतीपेक्षा मोठी भीती नव्हती. लोक पोलिसांना जेवढे घाबरत नव्हते तेवढे कॅमेऱ्याला घाबरत होते.

टेम्पोचा ड्रायव्हर कागलच्या बाजूचा निघाला. त्याला काहीच ठाऊक नव्हते. गाडी कडेला दाबल्याचे आणि मागच्या चाकाखाली खडी खडखडल्याचे त्याने सांगितले. डॉक्टरांचा जबाब झाला. पंचांना घेऊन रस्त्याचा पंचनामा झाला. मी न्यायालयात अहवाल दिला आणि पोराला सोडण्याचा आदेश झाला. पुढे गुन्ह्याची 'क' समरी मंजूर झाली. म्हणजे फिर्याद खोटी नाही आणि खरीही नाही, चुकीच्या समजुतीतून झालेली.

पोरगा सुटला तेव्हा मी दुय्यम कारागृहाच्या फाटकाजवळ होतो, बंदोबस्तासाठी. चाची आली होती. थोड्या वेळाने सिस्टर आली, एकटीच, ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत. वसाहतीतल्या लोकांनी तिला जाऊ नको म्हणून सांगितले होते, हे मला आधीच कळले होते. ती चाचीसमोर उभी राहिली.

"चाची, माझं चुकलं. मला खरंच तसं दिसलं."

चाचीने तिच्याकडे पाहिले. "तुमी खोटं बोलला न्हाई, त्ये साहेबांनी सांगितलंय मला. तुमच्या भावाचा डोळा गेला, त्येचं बी मला वाईट वाटतंय. पर बाई, तुमी माझ्या दारात एकदा यायचं हुतं. आमास्नी इचारायचं हुतं."

पोरगा बाहेर आला. त्याने तोंडावर रुमाल बांधला होता. आता झाकायचे काही कारण नव्हते. आईने रुमाल सोडायला हात पुढे केला तर त्याने मान मागे घेतली.

त्याच दिवशी मी वसाहतीकडच्या केबलवाल्याला बोलावले. तरुण माणूस, व्यवस्थित इस्त्रीचे कपडे, बोलण्यात नम्र. मी त्याला सगळा तपास समजावून सांगितला आणि म्हटले, जितक्या वेळा त्या पोराला दाखवलेत तितक्या वेळा हे दाखवा.

तो अडचणीत पडल्यासारखा दिसला. "साहेब, तुमचं बरोबर हाय. पण टेम्पोनं खडी उडवली, ह्यात दाखवायचं काय? चित्रच न्हाई की."

"त्या पोराचं चित्र आहे. अण्णांचं म्हणणं आहे. डॉक्टर बोलतील."

"लोक बघत न्हाईत साहेब. चॅनेल फिरवत्यात. आन् मी न्हाई दाखवलं तर पलीकडचा दुसरं काय तरी दाखवतोय, माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडं जात्यात. मी कुणाच्या वाईटावर न्हाई साहेब. जवळ हुतं ते लावलं."

शेवटी त्याने एक पट्टी चालवली. पडद्याच्या तळाशी, सकाळच्या वेळी, कुठल्याशा कार्यक्रमाखाली. 'अमुक प्रकरणातील संशयिताची सुटका.' एवढेच. संशयित हा शब्द तसाच ठेवून. पलीकडच्या केबलने मात्र सुटका मोठी दाखवली आणि सिस्टरचे नाव घेऊन तिने खोटी ओळख पटवल्याचे सांगितले. मी त्यालाही बोलावले. त्यानेही नम्रपणे ऐकून घेतले.

शांतता समितीची बैठक घेतली. दोन्हीकडचे म्हातारे आले, त्यांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले, फोटो निघाला. तरुण पोरे आली नाहीत. बेकरीवाल्याने नव्या काचा बसवल्या, पण वसाहतीतले गिऱ्हाईक बरेच दिवस आले नाही. मोहल्ल्यातल्या काही बायका लसीकरणाला परत यायला लागल्या, सगळ्या नाही. सिस्टरने वर्षभराने बदली मागून घेतली आणि वारणानगरच्या बाजूला गेली. तिचा भाऊ आजही म्हणतो की दगड मारलेलाच होता. डोळा गेलेल्या माणसाला खडीवर राग काढता येत नाही, हे मी समजू शकतो. पोरगा पुन्हा पुण्याला निघून गेला. जाण्याआधी तो मला भेटायला आला होता. मी त्याला म्हटले, तू निर्दोष आहेस, कशाला गाव सोडतोस? तो म्हणाला, "साहेब, दोषी असतो तर शिक्षा भोगून आलो असतो. आता काय भोगू?"

त्यानंतर माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी एक सवय लावली. साक्षीदार कितीही प्रामाणिक असो, त्याला आधी विचारायचे, तुम्ही टीव्ही पाहिलात का, पेपर वाचलात का, कोणाकडून काय ऐकलेत. आणि हे जबाबात लिहून घ्यायचे. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटे. खोटारडा साक्षीदार उलटतपासणीत सापडतो. ज्याला स्वतःलाच खरे वाटते त्याला कसे पकडणार? माणूस डोळ्यांनी थोडे पाहतो आणि उरलेले आधीपासून मनात भरून ठेवलेल्या चित्रांतून पुरे करतो. ती चित्रे कोणी भरली, कधी भरली, हे त्याला कळत नाही. ज्यांची शेजाऱ्याकडे रोज जा-ये असते ते लगेच विचारून घेतात. जा-ये थांबली की पडद्यावर दिसते तेच शेजारी होऊन बसते. या दोन वस्त्यांत भांडणासारखे खरे काही नव्हते. दोघीही गावाच्या कडेला ढकललेल्या, दोघींचे नळ एकाच वेळी कोरडे पडणारे. एकमेकींकडे जायला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

निवृत्तीनंतर मी कोल्हापुरातच राहतो. मध्यंतरी दाढी करायला सलूनमध्ये बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस त्या गावाकडचा निघाला. बोलता बोलता तो म्हणाला की त्यांच्याकडे मागे एका मोहल्ल्यातल्या पोराने भर रस्त्यात एकाचा डोळा फोडला होता आणि पुढे पैसे चारून सुटला. मी त्याला शांतपणे म्हटले की तसे झाले नव्हते, त्या प्रकरणाचा तपास मीच केला होता.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. आदराने, थोडे हसून.

"असंल की साहेब," तो म्हणाला. "पर आमी सोत्ता बघितलंय. टीव्हीत."

मी मान मागे टेकवली आणि कारागिराला दाढी सुरू करायला सांगितले.